झोपाळ्याची पावती

पावती हा माझा विषय आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला हसू नये. तंजावुरात मेल राजवीथी नावाच्या रस्त्यावरून आत वळलं की आमच्या ट्रस्टची कचेरी लागते. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, वरखाली होणारे पलंग, हवेच्या गाद्या असलं सगळं आम्ही आजारी माणसांना फुकट वापरायला देतो आणि बरे झाले की परत घेतो. बरे झाले नाहीत तरीही परत घेतो, पण तेव्हा जरा हळू आवाजात मागतो. मी, सांबशिव राव, तिथला मानद सचिव. मानद म्हणजे पगार नाही आणि बोलणी मात्र पूर्ण.

पावतीपुस्तक मी स्वतः छापून घेतलेलं आहे. वर तमिळ, मध्ये इंग्रजी, खाली देवनागरी. ती खालची ओळ वाचू शकणारे आमच्या वीथीत दोघेच, मी आणि आमचे अध्यक्ष कल्याणराम. बाकी आमची मंडळी घरात मराठी बोलतात आणि लिहायची वेळ आली की तमिळ लिहितात. छापखानेवाल्याने पहिल्या खेपेला ती ओळ उलटी छापली होती, तर वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. पण नियम तो नियम. माझ्या कारकिर्दीत दारात आलेली वस्तू पावतीशिवाय आत गेलेली नाही.

त्या शुक्रवारी सकाळी मी, कल्याणराम आणि वीथीतले आणखी दोघे म्हातारे, म्हणजे ते म्हातारे, मी नव्हे, कचेरीच्या ओट्यावर काप्पी पीत बसलो होतो. एवढ्यात एक कुट्टी यानै येऊन उभी राहिली. छोट्या टेम्पोला आमच्याकडे सगळे कुट्टी यानैच म्हणतात, हत्तीचं पिल्लू. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने आम्हा चौघांकडे एकवार नीट पाहिलं, समाधानाने मान हलवली, आणि एका शब्दाने काही न विचारता मागची फळी खाली केली. आत एक झोपाळा होता. बर्मा सागाची लांबरुंद पाटी, चार पितळी साखळ्या, आणि साखळ्यांच्या मधल्या कड्यांवर छोटे छोटे पोपट. उतरवायला चौघे लागले. त्या चौघांत मी होतो, त्यामुळे माझी कंबर धरली.

"कोणाकडून?" मी पावतीपुस्तक उघडत विचारलं.

"पापनाशमच्या अम्मांकडून. ट्रस्टला देणगी. पावती द्या सार, अम्मांनी पावती घ्यायला सांगितलीय."

"अम्मांचं नाव?"

"अम्मा."

हे नाव तमिळनाडूच्या अर्ध्या लोकसंख्येला लागू पडतं, हे मी त्याला समजावणार होतो. पण त्याला पुढे पोळ्ळाच्चीला नारळ भरायला जायचं होतं आणि राहुकाळ लागायच्या आत गाव सोडायचं होतं. मीही म्हटलं, देणारी बाई आठवणीने पावती मागते म्हणजे शिस्तीची दिसते, करेल फोन. 'एक अम्मा, पापनाशम. झोपाळा, एक' अशी पावती फाडली, शिक्का मारला, फू फू करून वाळवला. टेम्पो गेला.

मग कल्याणरामने काप्पीचा शेवटचा घोट घेऊन विचारलं, "अरे सांबा, आजारी माणसाला झोपाळा कशाला?"

हा माणूस चाळीस वर्षं वकिली करून निवृत्त झाला. त्याला प्रश्न नेहमी निकाल लागल्यावर सुचतात.

घरी येऊन बायकोला सांगितलं, की चुकून आलेला दिसतोय, परत पाठवावा म्हणतो. भागीरथी पूजेला बसली होती ती तिथूनच ओरडली, "अय्यो, शुक्रवारी लक्ष्मी दारात आली आणि परत पाठवता? तोंडाने बोलूं सुद्धा नका!"

"अगं, लक्ष्मी नाही. झोपाळा आहे."

"पितळ आहे ना? मग लक्ष्मीच ती."

शनिवारी पाठवू म्हटलं तर शनिवारी घरातलं लोखंड हलवायचं नसतं, आणि साखळ्या पितळेच्या असल्या तरी वरचे आकडे लोखंडाचे होते. माझ्या घरात कॅलेंडर पाहून जगतात. कधी काय करायचं नाही ते त्यात भरपूर असतं, करायचं कधी ते फार थोडं.

मग मी आमच्या ऑडिटरला फोन लावला. ऑडिटर म्हणजे अखिला, माझ्या चुलतबहिणीची मुलगी. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून देवळात जायची, आता माझ्या डोक्यावर बसते. म्हणाली, "मामा, वस्तू आली तरी देणाऱ्याचं नाव पाहिजे. नाव नसलं तर ती निनावी देणगी. मला उत्तर द्यावं लागतं."

"निनावी नाही गं. अम्मा आहे."

"कोणाची?"

मी फोन ठेवला. पण खरं सांगतो, त्या क्षणापासून तो प्रश्न माझ्या मनात शिरून बसला. कोण असेल ही बाई? असला झोपाळा लोक जीव गेला तरी देत नाहीत. हिने दिला, आणि तोही नाव न सांगता, चाकाच्या खुर्च्या वाटणाऱ्या ट्रस्टला?

इकडे कचेरीत कल्याणरामने परस्पर झोपाळा टांगून घेतला. कचेरीचं घर जुनं, तुळईला कड्या होत्याच. "जमिनीवर ठेवला तर वाळवी लागेल, मी ट्रस्टच्या मालमत्तेचं रक्षण करतोय," असं म्हणाला. शेजारच्या वासुकी अक्का लगेच धावत आल्या. वासुकी अक्कांना आमच्या कचेरीतलं सगळं त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, आणि जे दिसत नाही ते बघायला त्या स्वतः येतात.

"टांगलात तो टांगलात, पण रिकामा हलूं देऊं नका हो. रिकामा झोपाळा हलला तर घराला वाईट. कोणीतरी बसलेलं पाहिजे."

"कोण बसणार सारखं?" मी म्हणालो.

कल्याणरामने उसासा टाकला. "काय करणार? अध्यक्ष आहे मी. जबाबदारी घेतली पाहिजे." आणि उशी मागवून तो आडवा झाला.

शनिवारी कचेरीत जत्रा भरली. वॉकर न्यायला आलेला माणूस झोपाळ्यावर बसला आणि वॉकर विसरून घरी गेला. पुन्हा यायला त्याला अर्धा दिवस लागला, कारण त्याला वॉकरशिवाय चालता येत नव्हतं आणि जाताना तो कसा गेला हे त्यालाही कळेना. जो तो येऊन पाटी निरखून पाहू लागला, कारण पाटीवर एक नवल होतं. दोन्ही टोकांना लाकूड झिजून खोलगट झालं होतं, आरशासारखं गुळगुळीत. मधला भाग मात्र जसाच्या तसा, रंगाने थोडा गडद, कोणी कधी टेकलंच नव्हतं असा.

"नवराबायको असणार," वासुकी अक्का म्हणाल्या. "जन्मभर भांडण. एक इकडे, एक तिकडे."

"भांडण असतं तर एकाच झोपाळ्यावर कशाला बसले असते?" मी म्हणालो.

"तुम्ही नि भागीरथी एकाच घरात राहता की नाही?"

कल्याणरामचं मत पडलं की ते दोन भाऊ असावेत आणि कोर्टाने वाटणी करून दिली असावी, मधला भाग सामायिक. भागीरथी म्हणाली, मध्ये मांजर बसत असेल. मांजराने लाकूड झिजत नाही, म्हणून तिचं म्हणणं मला पटलं होतं, पण बोलून दाखवलं नाही. मी स्वतः दोन्ही टोकांना बसून पाहिलं. उजवीकडची खळगी मोठी, डावीकडची लहान. उजवीकडे बसलं की पाय जमिनीला पुरत होते, डावीकडच्या माणसाचे बहुधा लोंबकळत असतील. एवढा तपास मी नोकरीत कधी केला नव्हता. त्या नादात माझं जेवण राहिलं.

वासुकी अक्कांनी कल्याणरामचा झोपलेला फोटो काढून आमच्या समाजाच्या ग्रुपवर टाकला, खाली फुलांची आणि हात जोडल्याची चित्रं. आणि रविवारी सकाळी माझा फोन वाजला.

"तो लठ्ठ गृहस्थ कोण?" पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, आमच्याच मराठीत.

"कुठला लठ्ठ?"

"माझ्या झोपाळ्यावर पाय पसरून पडलाय तो! भाचीने फोटो दाखवला मला. घोरतोय की काय मेला? उठवा त्याला आधी!"

मला घाम फुटला. तरी सचिवाचं कर्तव्य म्हणून मी विचारलं, "अम्मा, झोपाळा तुमचाच कशावरून?"

"पाटी मध्ये कोरी आहे ना?"

मी एकदम ताठ बसलो. "आहे! का आहे ती तशी?"

"मध्ये रेडिओ असायचा. मोठा, लाकडी. संध्याकाळी कचेरी लागायची, म्हणजे गाण्याची मैफल, हे त्या टोकाला, मी या टोकाला. रेडिओला धक्का लागला तर यांना खपायचं नाही. पुढे रेडिओ मोडला, तरी आम्ही तसेच बसत राहिलो. सवय."

एवढंच होतं. भांडण नाही, कोर्ट नाही, मांजर नाही. मला का कोण जाणे, बरं वाटलं.

बाईंचं नाव अंबाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा चेन्नईला. त्याने पापनाशमचं घर विकलं आणि आईची सोय ओरत्तनाडुजवळच्या एका वृद्धाश्रमात केली. अंबाबाईंनी अट घातली, झोपाळा येईल तर मी येईन. आश्रमाने सांगितलं, राहणाऱ्यांनी आपलं लाकूडसामान आणायचं नाही. देणगी म्हणून कोणी काही दिलं तर मात्र घेतो.

"मग मी देणगी देऊन टाकली," अंबाबाई म्हणाल्या. "सकाळी झोपाळा पुढे, संध्याकाळी मी मागून. कोणाच्या बापाची हरकत? पण तो गाढव ड्रायव्हर कुठे उतरवून आला! शुक्रवारपासून मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आहे रे. व्हरांड्यात जागा काढून ठेवली होती माझ्यासाठी. उद्या तिथे टीव्ही लावणार म्हणतात." मग आवाज जरा खाली आला. "झोपाळा नसेल तर मला इथे राहवणार नाही. आणि जायला आता घर नाही."

मला फार वाईट वाटलं. तीन दिवस आम्ही त्या बाईच्या झोपाळ्यावर झोके घेत तिच्या संसाराबद्दल तर्क लढवत होतो. मी म्हणालो, "अक्का, आज संध्याकाळच्या आत झोपाळा तुमच्याकडे," आणि फोन ठेवल्यावर आठवलं, पावती फाडलेली आहे.

कल्याणराम पाटीवरून उठायला तयार नव्हता. "पावती दिली म्हणजे मालकी आली. आता ती ट्रस्टची मालमत्ता. द्यायची तर सभा, ठराव, सूचनापत्र... हवं तर बाईंना एक चाकाची खुर्ची देऊ."

"तुलाच देतो चाकाची खुर्ची!" मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. वासुकी अक्कांनी खिडकीतून टाळी वाजवली. अखिलाला फोन केला तर तिने सांगितलं, मूळ पावती परत आली तर रद्द करता येईल, मग वस्तू आपली नाहीच. मूळ पावती ड्रायव्हरकडे. त्याचा नंबर अंबाबाईंकडे. आणि तो, नाव चेल्लदुरै, पोळ्ळाच्चीहून नारळ घेऊन नेमका परतीच्या वाटेवर.

दुपारी चेल्लदुरै हजर झाला. खिशातून पावती काढली. तीन लिपींतली माझी पावती! तिच्यात त्याने वाटेत केळ्याची भजी बांधून घेतली होती. शिक्का तेलात विरघळला होता, देवनागरी ओळ दिसतच नव्हती. मी ती चिमटीत धरून रद्द केली. केवढा अपमान, पण वेळ नव्हता.

"बाबा रे," मी त्याला म्हणालो, "तुला वृद्धाश्रमाचा पत्ता दिला होता. तू आमच्याकडे का उतरवलास? विचारायचं तरी!"

"पत्त्याचा कागद वाटेत उडाला, मग इथल्या चहाच्या दुकानात विचारलं ना सार. वयस्कर माणसांचा ट्रस्ट कुठे म्हणून. त्यांनी हा दाखवला. आलो तर तुम्ही चौघे ओट्यावर बसलेले." त्याने निरागसपणे माझ्याकडे पाहिलं. "मग आणखी काय विचारायचं?"

कल्याणराम खो खो हसायला लागला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की त्या चौघांत तोही होता.

भागीरथीने पंचांग पाहिलं. रविवारी राहुकाळ संध्याकाळी, म्हणजे त्याच्या आत पोचायला हवं. झोपाळा पुन्हा कुट्टी यानैवर चढला, मी पुढे बसलो. ओरत्तनाडुपर्यंत दोन्ही बाजूंना भातशेती आणि कालवे, वारा छान होता, पण प्रत्येक गतिरोधकाला पोपट किणकिणले की माझी कंबरही बोलायची. मी वाकूनच उतरलो.

आश्रमाच्या व्यवस्थापिका हरिता दाराशी आल्या. तिशीच्या, हसतमुख. त्यांनी माझा हात धरला. "हळू या आजोबा. पायरी आहे. यांना कोण घेऊन आलंय? सामान एवढंच का?"

"मी राहायला आलेलो नाही!" मी म्हणालो. "मी मानद सचिव आहे!"

"हो हो," त्या म्हणाल्या, "इथे सगळे मोठे मोठे अधिकारीच आहेत."

सगळा खुलासा होईपर्यंत चहा झाला. झोपाळा बघून हरिता खरंच खूश झाल्या. मग त्यांनी पावतीपुस्तक काढलं. चांगलं जाड कागदाचं, मला हेवा वाटला. "देणगीदाराचं नाव?"

"अंबाबाई, पापनाशम," मी म्हणालो. शेवटी एकदाचं नाव मिळालं होतं.

हरितांनी पेन थांबवलं. "त्यांचं नाही चालणार, सार. त्या शुक्रवारी संध्याकाळपासून इथे राहतात. इथे राहणाऱ्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आम्ही वस्तू घेत नाही. माणूस गेल्यावर नातेवाईक येऊन भांडतात, आमचं कपाट, आमचा पलंग. शुक्रवारी सकाळी आला असता तर काही प्रश्न नव्हता."

शुक्रवारी सकाळी तो आमच्याकडे होता. माझ्या शिक्क्यासह. मी म्हणालो, मग आमचा ट्रस्ट उसना देईल. उसन्या वस्तू घेत नाही. मग नावाची जागा कोरी ठेवा. हरिता म्हणाल्या, "सार, निनावी देणगी? आमचे ऑडिटर ऐकत नाहीत." हे ऐकून मला काय वाटलं ते मी सांगत नाही.

व्हरांड्याच्या टोकाला, प्लास्टिकच्या खुर्चीत, एक बुटक्या, सरळ पाठीच्या बाई बसल्या होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. त्या टेम्पोकडे बघत होत्या. डोक्यावर तुळईला चार नव्या कड्या बसवलेल्या होत्या, आणि भिंतीपाशी टीव्हीचं खोकं आलेलं होतं.

"लिहा," मी हरितांना म्हणालो. "सांबशिव राव, तंजावुर."

माझ्या हातून असली पावती व्हायची होती. जी वस्तू माझी नाही, जिच्यावर मी फक्त फुकट बसलो, तिचा दाता मी! पुढे ही गोष्ट तंजावुरात पसरली आणि ट्रस्टचा झोपाळा सांबाने आपल्या नावावर खपवला असं लोक महिनाभर म्हणत होते. म्हणोत.

झोपाळा लागला. अंबाबाई डावीकडच्या टोकाला बसल्या, चेल्लदुरैने हलकेच झोका दिला. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी एक डोळा उघडून मला विचारलं, "दाता म्हणजे तू ना रे?"

"कागदावर, अक्का."

"घरच्यांना इथे महिन्यातून एक रविवार. दात्याला कधीही येता येतं, देणगीची वस्तू नीट वापरतात की नाही ते बघायला. होय की नाही गं?"

हरिता म्हणाल्या, तसा नियम आहे खरा.

"मग येऊन बघत जा," अंबाबाई म्हणाल्या. "साखळ्या फार जुन्या आहेत. लक्ष ठेवायला लागेल."

तेव्हापासून मी दर मंगळवारी बसने ओरत्तनाडुला जातो. दाराशी वहीत कारण लिहितो, तपासणी. मग पाटीच्या उजव्या टोकाला बसतो, आणि अंबाबाई मला हरितांपासून सुनेपर्यंत सगळ्यांबद्दल सांगतात. साखळ्या उत्तम आहेत. मुलाचा फोन आला तर त्या मोठ्या तोऱ्यात सांगतात, "आता बोलायला वेळ नाही, आमचे दाते आलेत, फार कडक माणूस आहे."

गेल्या महिन्यात मी निघालो तेव्हा तिथे राहणारे एक आजोबा फाटकापर्यंत माझ्यामागून आले. कधी कोणाशी बोलत नाहीत, त्यांच्याकडे कोणी येत नाही असं अंबाबाईंनी सांगितलं होतं. त्यांनी बगलेतली काळी छत्री पुढे केली.

"सार, एक विचारायचं होतं. छत्रीला दाता चालतो का?"

मी हसलो. म्हणालो, "आजोबा, छत्रीला कशाला दाता? ती तुमची तुम्ही वापरा की." ते बरं म्हणाले आणि परत वळले. मी रस्ता ओलांडून बस थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बस आली, माणसं चढली, आणि मला अचानक कळलं की हा माणूस छत्रीबद्दल विचारत नव्हता. बस सोडून मी उलटा आत गेलो.

पुढच्या मंगळवारी मी कल्याणरामला झोपाळ्यावर बसायला मिळेल असं सांगून घेऊन गेलो. हरितांनी पावती केली: छत्री, एक. दाता, कल्याणराम, तंजावुर. कल्याणराम आता दर मंगळवारी माझ्याबरोबर येतो, आणि ती छत्री तपासायला त्याला सगळी सकाळ लागते.